बुडबुड्यांचा धडा

त्या बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या तेव्हा मला नोकरीत तीस वर्षं होत आली होती. शाळा डिचोली तालुक्यातली, मुळगावच्या माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. विज्ञानाचे आमचे दुसरे शिक्षक निवृत्त झाले, कायमचा माणूस भरायला वेळ लागणार होता, म्हणून बाईंना एका वर्षासाठी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं, घेतलं होतं. माहेर पेडण्याच्या किनाऱ्यावरचं, सासर मयेला. वय तिशीच्या आतबाहेर. शाळा सुटली की बस चुकू नये म्हणून एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात डबा धरून पळत सुटायच्या. मुलं त्या पळण्याची नक्कल करायची. एकदा स्टाफरूममध्ये मीही केली. सगळे हसले. मागे वळून पाहिलं तर बाई दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या.

माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं. आमच्या भागात त्या काळी हुशार मुलगा दगडांचं शिकला की खाणीवर साहेब होतो असं धरून चालत. मला खाणीवर जायचं नव्हतं, मला संशोधन करायचं होतं. बाहेरच्या एका विद्यापीठात मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लाव्हाच्या दगडांच्या पातळ चकत्यांमधले बुडबुडे मोजले. किती, केवढे, कुठे. दोन वर्षांनी विभागातल्या सगळ्यांसमोर काम मांडायचं होतं. माझे मार्गदर्शक पहिल्या बाकावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "यांना मोजता येतं, यात शंका नाही." सगळा विभाग हसला. त्या महिन्यात मी सामान बांधून घरी आलो आणि पुढे शाळेत चिकटलो. शाळेत मात्र ज्वालामुखीचा धडा माझा. दुसऱ्या कुणी तो शिकवलेला मला खपत नसे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई नव्या होत्या, त्यांना कुणी सांगितलं नाही.

जुलैतली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत बसून भाजी-पाव खात होतो. बाई आत आल्या.

"सर, तुमी दगडांचा शिकलात म्हणतत. एक दगड दाखवू तुमका?"

त्यांनी पिशवीतून एक राखाडी दगड काढला. अर्ध्या नारळाएवढा, अंगभर बारीक छिद्रं. मोठ्या बीकरमध्ये पाणी घेऊन त्यांनी तो त्यात सोडला. दगड तरंगला.

"माझ्या बापाशीक दर्यार गावलेलो. तो बांयच्या काठार ठेवी, पाय घासूक. तो गेलो, ह्यो रवलो," त्या म्हणाल्या. "पण ह्येका इतकी बुराकां कशी पडली ओ?"

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत शाळेतल्या एकाही माणसानं मला हे विचारलं नव्हतं. पाव बाजूला ठेवून मी सांगायला बसलो. हा दगड इथला नाही, समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी ज्वालामुखीतून उडालेला आणि लाटांवरून वाहत आलेला. जमिनीच्या खोल पोटात खडक वितळलेला असतो, त्या रसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात, साखर चहात विरघळावी तसे. वरून एवढा दाब असतो की त्यांना सुटायला वाव नसतो. रस वर सरकू लागला की दाब कमी होतो, आणि वायू बुडबुडे होऊन सुटू लागतात. बुडबुडे झाले की रस हलका होतो, हलका झाला की आणखी वर चढतो, वर चढला की दाब आणखी उतरतो आणि बुडबुडे वाढतात. रस पातळ असेल तर ते निसटून जातात आणि लाव्हा शांतपणे वाहतो. तो चिकट, काकवीसारखा घट्ट असेल तर बुडबुडे आत अडकतात, फुगतात, एकमेकांना भिडतात. शेवटी रसापेक्षा बुडबुडेच जास्त होतात आणि सगळ्याच्या चिंधड्या उडतात. राख म्हणजे त्याच चिंधड्या. आणि हा दगड म्हणजे उडता उडता थिजलेला फेस.

बाई टाचा टेकून स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात बीकरभोवती. मग म्हणाल्या, "आणि पयलो बुडबुडो खंय येता?"

"कुठेही येतो."

"कुठेही कसो येयत? सोड्याच्या बाटलेत बघा. काचेक खंय चरो आसलो काय थंयसूनच येतत, परत परत, एकाच जाग्यार. मी बघलंय."

त्यांचं बरोबर होतं. बुडबुड्याला आपोआप जन्माला येणं फार अवघड असतं, त्याला धरायला काहीतरी लागतं. सोड्याला काचेवरचा ओरखडा, वितळलेल्या खडकाला एखादा बारीकसा स्फटिक. हे समजायला मला विद्यापीठात पहिलं अख्खं वर्ष लागलं होतं, तेही पुस्तकं वाचून. या बाईला ते सोडा पिता पिता दिसलं होतं.

"पुस्तकात बघा," मी म्हणालो.

मग मी उठलो, कपाटातून करवत काढली आणि "बघूया आत काय आहे" म्हणत तो दगड बीकरमधून उचलला. असला दगड मऊ असतो, साबणासारखा कापला जातो. बाई म्हणाल्या, "सर, नको..." पण तोवर पातं अर्ध्यापर्यंत उतरलं होतं. मी दोन्ही भाग त्यांच्यापुढे ठेवले आणि आतले लांबट बुडबुडे दाखवून ते ओढले कसे गेले ते समजावलं. माझं सांगणं अचूक होतं. बाईंनी दोन्ही तुकडे रुमालात बांधले, टेबलावरची भुकटी तळहातानं गोळा केली आणि तीही रुमालात टाकली. त्यांच्या वडिलांची वस्तू होती हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी पुढे काही जणांना सांगितलं, ते खोटं.

डिसेंबरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन असे. बाईंनी नववीच्या पाच मुलींना घेऊन ज्वालामुखी करायचं ठरवलं. परवानगी मागायला त्या हेडमास्तरांकडे गेल्या तेव्हा मी तिथेच हजेरीपटावर सह्या करत बसलो होतो.

"सर, मी सोड्याची बाटली वापरतंय," बाई म्हणाल्या. "दाब सुटलो काय वायू सुटता, तां मुलांक बरोबर दिसतला."

हेडमास्तरांनी हात झटकला. "बाटली कोण पळयतलो? लोकांक फेस दिसूंक जाय, बाई. तांबडो फेस. खायचो सोडा आनी व्हिनेगर घालात, सगळे तशेंच करतात."

"पण सर, तां चुकीचां जातला. थंय दोन पदार्थ मिसळून वायू तयार जाता. ज्वालामुखीत तो आधीच आत आसता."

"पावणे पळयतले तांबडो फेस आनी टाळ्यो मारतले. बस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर हेडमास्तरांनी ऐकलं असतं, या विषयात ते मला मानत. मी सही केली आणि पुढचं पान उलटलं.

मुलींनी पंधरा दिवस खपून डोंगर केला. कागदाचा लगदा, त्यावर आमच्या गावच्या बंद पडलेल्या खाणीकडची लाल माती, पायथ्याशी आमोण्याच्या नदीकाठचं गवत आणि पुठ्ठ्याची घरं. प्रत्येक घराला दार होतं. बाई बस सोडून देऊन त्यांच्यासोबत थांबायच्या आणि मग मिळेल त्या वाहनानं मयेला जायच्या. डोंगराच्या बाजूला त्यांनी बीकर ठेवला, त्यात तरंगणारे ते दोन तुकडे, आणि सुंदर अक्षरात माहिती लिहिली. मी ती आदल्या दिवशी कुणी नसताना वाचली. चूक सापडते का पाहत होतो. एकही सापडली नाही. मग मी बाजारातून सोड्याच्या दोन मोठ्या बाटल्या विकत घेतल्या. हे ठरवून केलं होतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

प्रदर्शनाला पालकांची गर्दी होती. पाहुणे म्हणून एका महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य आले होते. मी परीक्षक म्हणून त्यांच्याबरोबर टेबलाटेबलावरून फिरत होतो. बाईंच्या टेबलाशी आलो. एका मुलीनं पाठ केलेली माहिती सांगितली, दुसरीनं व्हिनेगर ओतलं, तांबडा फेस डोंगरावरून उतरून घरांत शिरला. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबायची वाट पाहून मी विचारलं, "बाई, पृथ्वीच्या पोटात व्हिनेगर कोण ओततो?"

लोक हसले. बाईही हसल्या. "सर, हो फकत नमुनो..."

"नमुना कशाचा? तुमच्या डोंगरात जे घडलं ते जगातल्या एकाही ज्वालामुखीत घडत नाही. बरं, फेस राहू दे. खरा ज्वालामुखी कशानं उडतो ते सांगा. मुलींनी नको, तुम्ही सांगा."

त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर छतावरचा पंखा पाहत होते. बाईंनी सुरुवात बरोबर केली. वितळलेला खडक, त्यात विरघळलेला वायू, दाब. पण समोर चाळीसेक पालक होते, काहींनी मोबाईल वर धरलेले. "दाब कमी झाल्यावर गॅस सुटतो," असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच वाक्यात जीभ घसरली. "मग तो गॅस पेटतो आणि..."

"पेटतो?" मी म्हणालो. "खाली सिलिंडर ठेवलाय का कुणी?"

या वेळी हसणं मोठं होतं. मागे उभी असलेली मुलंही हसली. बाईंनी "नाय, नाय, सुटतो, फुगतो" असं काहीतरी म्हटलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"थांबा, मी दाखवतो," मी म्हणालो आणि पिशवीतून बाटली काढली. आतला वायू दिसतो का, सगळ्यांना विचारलं. नाही दिसत, कारण तो विरघळलेला आहे. मग बाटली जोरजोरात हलवली, बाईंच्या डोंगरावर तिरकी धरली आणि झाकण फिरवलं.

ती तोंड वर करूनही उघडता आली असती.

कारंजं सुटलं. लाल माती लगद्यावरून ओघळली, डोंगराचा एक कडा बसला, पुठ्ठ्याची घरं टेबलावरून वाहून खाली पडली. बाईंच्या साडीवर पोटापर्यंत तांबडे डाग उडाले. मी दुसरी बाटली उघडली. तोंडानं मी सांगत होतो, दाब सुटला की वायू बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो, बुडबुडे रसाला ढकलतात, यात आग नाही, ज्वाला नाही. इतकं नेटकं मी कधी शिकवलं नव्हतं. पाचांपैकी दोन मुली रडायला लागल्या. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असे शिक्षक पाहिजेत," ते म्हणाले.

कुणीतरी त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला होता. दुसऱ्या दिवशीपर्यंत तो पालकांच्या सगळ्या ग्रुपांवर गेला. मला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले, एक पुण्याहून, एक दुबईहून. मी तो व्हिडिओ पाहिला नाही. लोकांनी केलेलं वर्णन मला पुरेसं होतं.

बाईंचं नाव "फेस टीचर" पडलं. त्या फळ्याकडे वळल्या की मागून कुणीतरी तोंडानं "फुस्स" करी, मग दुसरा, मग सगळा वर्ग. माझा वर्ग शेजारचा, मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. मला सगळं ऐकू यायचं. माझ्या वर्गातली मुलं माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी पाठमोरा होऊन आकृती काढत राहायचो. एक दिवस मुलांनी डस्टर व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवला. बाईंनी तो उचलला, हात ओला झाला, वास सुटला, आणि पन्नास मुलांनी एकदम "फुस्स" केलं.

त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. हात धुऊनही वास जात नव्हता, त्या पदराला पुसत होत्या.

"सर, तुमी एकदा त्यांका सांगा. तुमचां आयकतले."

"वर्ग आपला आपण सांभाळायचा असतो, बाई."

"मी सांभाळी होतंय, सर. डिसेंबरापर्यंत सांभाळी होतंय."

मी घड्याळात पाहिलं. त्या गेल्या.

वर्ष संपताना हेडमास्तरांनी मला बोलावलं. बाईंना पुढच्या वर्षी ठेवायचं का, तुम्ही विभागप्रमुख, तुमचं मत सांगा. मी म्हणालो, "विषय कच्चा आहे." तीन शब्द. ते मान डोलावून पुढच्या कामाला लागले, आणि मीही. बाईंना शेवटच्या दिवशी कळवलं. त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या, वापरलेल्या काचसामानाची यादी दिली, सगळं जागच्या जागी होतं. "येतंय, सर," म्हणाल्या. त्या दिवशी त्या बससाठी पळाल्या नाहीत. मी खिडकीतून पाहत होतो. बस समोरून निघून गेली आणि त्या थांब्यावर पोचून पुढच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाचा समारंभ होता, हार, शाल, नारळ. मुलांनी मोठा पडदा लावला होता. "सरांची सर्वांत आवडती आठवण," असं म्हणून त्यांनी तो व्हिडिओ लावला.

मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं होतं त्यात मी असेन. मी कडेला अर्धाच होतो, एक हात आणि बाटली. व्हिडिओ करणाऱ्यानं सगळा वेळ बाईंवर धरला होता. बाटली उघडली तेव्हा त्या मागे सरल्या नाहीत. त्यांनी झटकन बीकर उचलून छातीशी धरला, दोन तुकड्यांचा, आणि वरून पाणी अंगावर येत असताना हसत राहिल्या. पाहुण्यांसमोर हसतात तसं. दीड मिनिट ते हसू हललं नाही. मी बोलत होतो, बरोबर तेच बोलत होतो, आणि त्या मान हलवून हो म्हणत होत्या, चांगला विद्यार्थी म्हणतो तसं. सभागृह हसत होतं. मुलांनी "फुस्स" केलं. नव्या मुलांनीसुद्धा, ज्यांनी बाईंना कधी पाहिलंही नव्हतं.

माझं भाषण होतं. मी उभा राहिलो आणि सर्वांचे आभार मानले. त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. लोक पुढ्यात बसलेले असताना खरं बोलण्याची हिंमत मला तेव्हाही झाली नाही.

आठवड्यानंतर मी मयेला गेलो. बाई घरीच शिकवण्या घेतात असं कळलं होतं. तळ्याच्या पलीकडे, पोफळींच्या कुळागराच्या कडेला त्यांचं घर. सोप्यावर दहाबारा मुलं चटईवर बसली होती, बाई फळ्यावर अपूर्णांक सोडवत होत्या. मला पाहून त्यांनी खडू खाली ठेवला, अंगणात आल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी तयारी करून गेलो होतो. सगळं सांगितलं. हेडमास्तरांचं बोलणं मी ऐकलं होतं हे, माहिती वाचली होती हे, बाटल्या आदल्या दिवशी आणल्या होत्या हे, "विषय कच्चा आहे" हे मीच म्हणालो हे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, ते मला सहन झालं नाही, असंही म्हणालो. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "झाला?"

"हो."

"बाटल्यांचा माका ठावक नाय होता. बाकीचा सगळा ठावक होता." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "सर, तुमका बरां वाटूचा म्हणान तुमी इलात. आता तुमका बरां वाटतला. माका काय?"

मी म्हणालो, मी शाळेत जाऊन सांगेन, लेखी देईन.

"आता? शाळेत आता तुमका कोण विचारता?"

दारातून त्यांची सासू डोकावली. म्हाताऱ्या बाईनं मला ओळखलं नाही, पण पांढरे केस पाहून म्हणाली, "भायर कित्याक उभे? बसात. च्या करतंय."

"ते च्या घेनत नाय," बाई म्हणाल्या.

एवढं झाल्यावर मी तिथे उभं राहण्यात अर्थ नव्हता. "येतो," म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सोप्यावर परत गेल्या. मी अंगणाच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा एका मुलानं विचारलेलं ऐकू आलं, "टीचर, कोण ते?"

"कोण नाय," बाई म्हणाल्या. "पत्तो विचारूक इल्ले. छेद सारखो करून घेवा बघू आधी."

मी स्कूटर बंदच ठेवून रस्त्यापर्यंत ढकलत नेली आणि मग चालू केली.